किनवटचं वसतिगृह अरबी समुद्रात

तुम्ही दोघं फोनवर दर वेळी विचारता, "आजी, रिटायर झाल्यावर तू दिवसभर करतेस तरी काय?" एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. यंदाच्या अधिक महिन्यात मी किनवट तालुका अरबी समुद्रातून बाहेर काढला. आजोबांनी त्या काळात पेपर वाचला.

किनवट तुम्ही पाहिलेलं नाही. नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, जंगलातला तालुका. रेल्वेने गेलं तर हिमायतनगर सोडल्यावर दोन्ही बाजूंना सागवान सुरू होतो आणि मोबाइल गप्प बसतो. तिथून कुठल्याही दिशेला चालायला लागलात तरी चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागणार नाही. हे मी चौतीस वर्षं मुलींना नकाशावर काठी ठेवून शिकवलं. माझ्याकडे दहावीला इंग्रजी आणि भूगोल असे दोन्ही विषय असत. शाळेत पगार एकाचाच मिळे, पण तो वेगळा विषय आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या भागात मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. ऐंशी मुली, दोन मोठ्या खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक बोर. बोर दोन उन्हाळ्यांपूर्वी आटली. तेव्हापासून मुली सकाळी ओढ्यातल्या विहिरीवरून घागरी आणतात आणि मग शाळेत पहिल्या तासाला झोपतात. मागच्या वर्षी या पाण्यापायी सात मुली घरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. त्यातल्या दोघींची लग्नं झाली. नववीतल्या होत्या.

त्यामुळे नव्या बोरची योजना आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी अर्ज भरला. अर्ज अर्थातच ऑनलाइन. जून उजाडून शाळा भरायच्या आत मंजुरी पाहिजे, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट. आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत किती मुली उरतील याचा हिशेब तिला तोंडपाठ होता, नावानिशी.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी तिचा फोन आला.

"बाई, आम्ही समुद्रात हाव म्हणं."

"कोण म्हणतं?"

"कम्प्युटर म्हणून राहिला."

"मग असाल," मी म्हणाले. "नीट सांग."

तिने परत आलेल्या अर्जाचा फोटो पाठवला. शेरा असा होता: प्रस्तावित ठिकाण सागरी क्षेत्रात दिसते, तरी किनारपट्टीच्या संबंधित खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडून अर्ज पुन्हा सादर करावा. ती तो कागद घेऊन ऑफिसात गेली होती. तिथल्या बाबूशी झालेलं बोलणं तिने मला शब्दाला शब्द ऐकवलं.

"साहेब, किनवटात समुद्र कुठून आणू?"

"समुद्र नका आणू मॅडम. नुसती एनओसी आणा."

"कुठून?"

"आता ते मला काय माहीत? मी लोहा तालुक्यातला हाय. आमच्याकडं समुद्र न्हाई."

मग बाबूला तिची दया आली. त्याने खाजगीत सल्ला दिला की अर्जात जागेचे जे दोन आकडे भरायचे असतात ते हिमायतनगरच्या बाजूच्या एखाद्या शेताचे टाकावेत, अर्ज लगेच पास होतो. तालुक्यातले बाकीचे लोक तसंच करून राहिले आहेत.

"अन् बोर कुठं मारतील?" हिने विचारलं.

"आकडा जिथं हाय तिथं," बाबू म्हणाला. यंत्रणेवर त्याची श्रद्धा होती.

अशा वेळी माणसाने घरातल्या जाणत्या माणसाकडे जावं. तुमचे आजोबा म्हणाले, "सोडून दे, तुझी आता नोकरी आहे का?" म्हणून थोरले, मी तुला फोन लावला. इथले सकाळचे आठ, मेलबर्नला तुझी जेवणाची सुट्टी. तुझं काम नकाशांचे प्रोग्राम लिहिण्याचं आहे हे मी चार वर्षं ऐकत होते. म्हणजे नक्की काय, ते विचारायची पहिल्यांदाच गरज पडली. तू आधी पोटभर हसलीस. मग म्हणालीस, "आजी, ज्या मशीनवर जागा मोजली त्याचा फोटो मागव. दोन नाही, तीन आकडे असतील. तिसरा काय आहे ते बघ."

फोटो आला. हातात मावेल एवढं जीपीएसचं यंत्र. वरच्या कोपऱ्यात लहानसं ४४, खाली दोन लांबलचक आकडे. अर्जात लांबलचक आकड्यांसाठी दोन चौकोन होते. चव्वेचाळीससाठी चौकोनच नव्हता, म्हणून तिने तो सोडून दिला होता. शहाणी मुलगी. शाळेत आम्हीच शिकवलं होतं, विचारलंय तेवढंच लिहावं.

पुढचा अर्धा तास तू मला जे समजावलंस ते धाकट्यासाठी माझ्या भाषेत सांगते, कारण तो फोनवर नुसता अंगठा दाखवतो.

पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. हे दुःख शिंप्याला रोजचं असतं: कापड सपाट, बाई गोल. म्हणून ब्लाऊज एका सलग कापडाचा होत नाही. तुकडे बेततात, टक्स घालतात. नकाशावाल्यांनीही पृथ्वीचे साठ उभे तुकडे बेतले आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. लातूर आणि नांदेड त्रेचाळीस नंबरच्या तुकड्यात येतात. शिवण जाते ती हिमायतनगरच्या पुढच्या जंगलातून. किनवट शिवणीच्या पलीकडे, चव्वेचाळीसमध्ये. आणि दर तुकड्यात अंतरं नव्याने मोजायला सुरुवात होते, त्यामुळे तेच दोन आकडे साठही तुकड्यांत एकेकदा सापडतात. कुठला तुकडा ते सांगितलं नाही तर आकड्यांना काही अर्थ नाही.

प्रोग्राममध्ये हे एका ओळीत सांगावं लागतं. त्याला प्रोजेक्शन डिफाइन करणं म्हणतात. तू बजावलंस की ती ओळ लिहिल्याने आकडे तसूभरही बदलत नाहीत. ते कुठले आहेत एवढंच मशीनला कळतं. मशीन त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. इथे कोणीतरी सगळ्या अर्जांसाठी एकदाच त्रेचाळीस लिहून मोकळं झालं होतं. किनवटचे आकडे त्रेचाळीसमध्ये मांडले की डहाणूच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटर आत, भर पाण्यात येतात.

"एक अंक बदलायचा आहे आजी. पाच मिनिटांचं काम," तू म्हणालीस.

मी अर्जाचं पान तळापर्यंत पाहिलं. मी सगळी पानं तळापर्यंत पाहते. बारीक अक्षरात प्रोग्राम करणाऱ्या फर्मचं नाव होतं. लातूरची फर्म. ओळखीची. माझ्या धाकट्या भावाच्या जावयाची.

आता पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत होणार नाही हे मला कळलं.

तुम्हाला तिकडे अधिक महिना आला काय, गेला काय, सारखंच. इकडे तो तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्या महिन्यात जावई हा जावई राहत नाही, नारायण होतो. त्याला मुलीसकट बोलावून धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण दिव्यासह द्यायचं, कपडे करायचे, पाया पडायचं. भावाकडचं धोंड्याचं जेवण त्याच आठवड्यात होतं आणि मला बोलावणं आलेलं होतंच. मी न जाण्याचं कारण शोधत होते. आता जाण्याचं मिळालं.

मी फाइल केली: परत आलेला अर्ज, यंत्राचा फोटो, नकाशाचा कागद, आणि वसतिगृहातल्या मुलींची यादी, जी कोणी मागितली नव्हती. लातूरच्या सकाळच्या एसटीने निघाले. अहमदपूरच्या स्टँडवर एक गृहस्थ गाडीत चढून माझ्या पुढच्या बाईंना उठवायला लागले.

"बारा नंबर माझा हाय. हे बघा तिकीट."

"माझाबी बाराच हाय," बाई जागच्या हलल्या नाहीत. "तुमची गाडी कोणची?"

गृहस्थांनी तिकीट वाचलं. गाडी शेजारची होती. ते उतरून पळाले. बाई मला म्हणाल्या, "नंबर बघतेत, गाडी बघत न्हाईत." तेवढं एक वाक्य जावयाच्या ऑफिसात भिंतीवर लावायला मिळालं असतं तर मला लातूरपर्यंत जावंच लागलं नसतं.

भाऊ स्टँडवर घ्यायला आला होता. माझ्या हातातली फाइल पाहून त्याचा चेहरा उतरला. लहानपणापासून त्याला माझ्या फायलींची धास्ती.

"अक्का, हे काय आणलंस?"

मी रिक्षात सगळं सांगितलं. त्याने दोन्ही हात जोडले.

"अक्का, आज एक शब्द काढायचा न्हाई हं. पोरगी नांदायची हाय माझी. तीन वर्षांनी येतो हा महिना."

"मी कशाला बोलू? मी नुसतं तूप वाढीन," मी म्हणाले.

जावई चाळिशीचे आहेत, हुशार आहेत, आणि हे दोन्ही त्यांना ठाऊक आहे. पाटावर बसले, भाचीने शेजारी पाट घेतला, वहिनींनी ओवाळलं, पुरणाचे वाफाळते धोंडे ताटात आले. भाऊ पंखा लावलेला असूनही हातपंख्याने वारा घालत उभा. मी तुपाची वाटी घेऊन.

"आत्याबाई, आता आपल्या अख्ख्या विभागाचं पोर्टल आमच्याकडे आहे," जावई म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं, हे भावाने पाहिलं आहे. "एक क्लिक, की पॉइंट नकाशावर."

"अवघड असेल, नाही?"

"छे. प्रोजेक्शन एकदा डिफाइन केलं की संपलं. एक ओळ. मी स्वतः फिरून टेस्ट केलीय. लातूर, औसा, निलंगा, उदगीर. एक मीटरचा फरक नाही."

"नांदेड?"

"नांदेडही. स्टेशनसमोर उभं राहून."

"आणि किनवट?"

"किनवटला कोण जातं, आत्याबाई?"

भावाचा पंखा थांबला. मी तूप वाढलं, जरा जास्तच. नारायणाला तरी मी काय सांगणार? तो स्वतःच क्षीरसागरात झोपतो. एखादं वसतिगृह समुद्रात गेलं तर त्याला शेजार मिळाला एवढंच.

"मला जरा शिकवा," मी म्हणाले. "मी भूगोल शिकवला, पण आमच्या वेळी काठी होती. हे दोन आकडे तुमच्या फोनवर टाकून दाखवा ना, ही जागा कुठे येते."

धोंडे जेवताना जावयाला शिकवायला सांगणं हा काही अपमान नव्हे. त्यांनी डाव्या हाताने आकडे टाकले. पडदा निळा झाला.

"हा तर समुद्र आहे."

"हो का? मासे दिसतात?"

"अक्का, कढी घे ना," भाऊ म्हणाला.

"कुणीतरी आकडे चुकवलेत, आत्याबाई. खेड्यातली माणसं, मशीन धरता येत नाही."

मी यंत्राचा फोटो पुढे केला. "मग हे चव्वेचाळीस कशाचं असेल? मला काही उलगडेना."

त्यांनी पाहिलं. "सॅटेलाइट असतील. तेवढे दिसतात."

"चव्वेचाळीस? किनवटच्या जंगलात? तुमच्या सासुरवाडीत मोबाइलला दोन दांड्या येत नाहीत."

भाचीला हसू फुटलं आणि तिने ते पुरणात दडवलं. जावयांनी फोटो पुन्हा पाहिला. मग तिसऱ्यांदा, दोन बोटांनी मोठा करून. त्यांचा उजवा हात ताटावर तसाच थांबला. चौतीस वर्षं मी वर्गात चेहरे वाचले आहेत. त्यांना कळलं, हे मला कळलं. आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

"ऑफिसात बघतो," ते म्हणाले, आणि धोंडा अर्धा टाकून उठले.

जावई अर्ध्या ताटावरून उठले! वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाला, "झालं समाधान? आता तीन वर्षं ऐकून घ्यायचं आम्ही. तुझ्या त्या किनवटच्या पोरी येणारेत का समजूत काढायला?"

"येतील," मी म्हणाले. "घागरी खाली ठेवायला कोणी सांगितलं तर."

तो हातपंखा ओट्यावर आपटून बाहेर गेला आणि माझ्याशी बोलणं त्याने टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ऑफिसात गेले. पाटावरून उतरलेला जावई पुष्कळ साधा माणूस असतो. त्यांनी मला खुर्ची दिली, दार लावलं आणि म्हणाले, "ओळ काल रात्रीच बदलली. आता अर्जात तुकड्याचा नंबर विचारतो. किनवट किनवटातच दिसतंय."

"मग हिचा अर्ज घ्या आत."

"तिथंच अडकलंय. परत पाठवलेला अर्ज पुन्हा उघडायला कारण द्यावं लागतं. चूक कोणाची ते." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. यादीत तीनच पर्याय होते: अर्जदाराची चूक, अर्जदाराच्या प्रतिनिधीची चूक, कागदपत्रे अपूर्ण.

"प्रणालीची चूक हा पर्याय कुठाय?"

"ठेवला नव्हता."

"कोणी?"

त्यांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. "आत्याबाई, आता नवीन पर्याय टाकायला वरून मंजुरी लागते. दोन महिने जातील. आणि मी लेखी कबूल केलं तर पुढचं काम दुसऱ्याला जातं. खरं सांगतो."

खरं सांगत होते. अर्जदाराची चूक म्हटलं तर अधीक्षिकेला खुलाशाची नोटीस, नोकरीच्या कागदांत कायमची. अपूर्ण कागदपत्रं म्हटलं तर तिने पुन्हा ते समुद्राचं प्रमाणपत्र आणायचं. मुदतीला तीन दिवस होते. मी माझी फाइल उघडली. सर्वांत खाली मुलींची यादी होती. मी ती त्यांना दाखवणार होते, दाखवली नाही. ती मलाच पाहायची होती, असं दिसतं.

"मधला पर्याय घ्या," मी म्हणाले. "प्रतिनिधी मी."

"तुम्ही?"

"नाव, पत्ता, शिक्षण, सगळं लिहा. कागद द्या, सही करते."

त्यांनी मजकूर टाइप केला. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. त्या कागदावर लिहिलं आहे की भूगोलाच्या निवृत्त शिक्षिकेने, म्हणजे मी, अर्जदारास जागेचे चुकीचे आकडे दिले आणि त्यामुळे सदर वसतिगृह अरबी समुद्रात दाखवले गेले. याबद्दल ती दिलगीर आहे. जावयांनी कागद घेतला आणि नारायण असूनही खाली वाकून माझ्या पाया पडले. अधिक महिन्यात हे उलटं झालं, पण तिथे भाऊ नव्हता, म्हणून चाललं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोरची गाडी किनवटकडे गेली. ड्रायव्हरने आकडे बघत बघत नेमकी वसतिगृहाच्या मागच्या कडुलिंबाशी आणून उभी केली, असं अधीक्षिका सांगते. हिमायतनगरच्या बाजूच्या शेतांत कोणाकोणाच्या गाड्या जाऊन उभ्या राहिल्या ते मी विचारलं नाही.

दुपारी तिचा फोन आला. मागे मशीनची धडधड आणि पोरींचा ओरडा.

"बाई, लागलं! लई जोर हाय!"

"चव घेतलीस का?"

"घेतली की. गोडं हाय, बाई."

"मग समुद्र नसावा," मी म्हणाले. ती हसायला लागली, आणि मग तिने फोन पोरींच्या ओरड्याकडे धरला. मी फोन तसाच धरून ठेवला.

सातपैकी पाच मुली यंदा परत आल्या. त्या दोघी नाही आल्या.

जावई आता लग्नाकार्यांत सांगतात की आत्याबाईंनी एकदा किनवट समुद्रात बुडवलं होतं आणि त्यांनी ते एका रात्रीत वर काढलं. सगळे हसतात. भाऊही हसतो, तो माझ्याशी पुन्हा बोलायला लागला आहे. मी तिथे असले तर तूप वाढते.

सही केलेल्या कागदाची झेरॉक्स माझ्या कपाटात वरच्या खणात, हिरव्या फायलीत आहे. मी गेल्यावर तुम्ही खोली आवराल तेव्हा ती सापडेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. आजोबांनी ती वाचली तेव्हा म्हणाले, "पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तू पहिल्यांदाच चूक कबूल केलीस, आणि तीही माझ्याजवळ नाही." मग त्यांनी पेपर वर धरला.